पेसमेकरची तार आणि प्रतिध्वनीची साक्ष

हृदयाचे ठोके मंदावले की पेसमेकर बसवतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. नात्यात किंवा शेजारीपाजारी कुणाला तरी तो बसवलेला असतो. काडेपेटीहून लहान अशी ती पेटी गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत ठेवलेली असते. तिच्यातून निघालेली सुमारे दोन मिलिमीटर जाडीची तार शिरेतून हृदयात उतरते. आपले लक्ष साहजिकच पेटीकडे जाते. बॅटरी किती वर्षे टिकेल हा पहिला प्रश्न असतो. पण चांगल्या बॅटऱ्या आल्यानंतर डॉक्टरांची खरी काळजी राहिली ती तारेची. मिनिटाला ७२ या हिशोबाने हृदय दिवसाला १,०३,६८० वेळा आकुंचन पावते. दहा वर्षांत हा आकडा ३७ कोटींच्या पुढे जातो. तेवढ्या वेळा ती तार वाकते, झडपेच्या पाळ्यांना स्पर्श करते, हृदयाच्या भिंतीला रेटते. यात कुठे काही बिघडले, तर ते छाती न उघडता कसे कळावे?

त्याचे उत्तर श्राव्यातीत ध्वनीने दिले. माणसाला ऐकू येत नाही एवढ्या उच्च वारंवारतेचा ध्वनी छातीत सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून हृदयाचे चित्र काढायचे, ही पद्धत बोलीभाषेत ‘इको’ म्हणून ओळखली जाते. योगायोग असा की, इको आणि शरीरात बसवायचा पेसमेकर, या दोन्हींचा जन्म स्वीडनमध्ये पाच वर्षांच्या अंतराने झाला. त्यांची गाठ पडायला मात्र बरीच वर्षे जावी लागली. ती गाठ कशी पडली आणि त्यातून ‘दिसणे’ या गोष्टीबद्दल आपण काय शिकतो, हे या लेखात पाहू या.

जहाजाच्या कारखान्यातील यंत्र

लुंड येथील विद्यापीठ रुग्णालयात इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ होते. डाव्या बाजूच्या द्विदल झडपेची शस्त्रक्रिया तेव्हा नव्याने सुरू झाली होती. झडप नुसती अरुंद झाली आहे की गळतेही आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वी कळणे आवश्यक होते, पण खात्रीचा मार्ग नव्हता. एडलर यांनी भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेलमुट हर्ट्झ यांना विचारले, रडारसारखे काही वापरून हृदयाच्या आत डोकावता येईल का?

हर्ट्झ हे आडनाव शिक्षकांना नवे नाही. वारंवारतेचे एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते हाइन्रिश हर्ट्झ हे कार्ल यांचे वडील गुस्ताव यांचे काका. गुस्ताव यांना स्वतःला १९२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. कार्ल हर्ट्झ यांनी रेडिओ लहरींऐवजी श्राव्यातीत ध्वनी सुचवला. मालमो येथील कॉकम्स या जहाजबांधणी कारखान्यात धातूच्या जोडांतील तडे शोधण्यासाठी असे एक यंत्र होते. हर्ट्झ यांनी ते वापरून पाहिले, स्वतःच्या छातीला लावले, आणि पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांबरोबर मागेपुढे सरकणारा प्रतिध्वनी दिसला. नंतर सीमेन्स कंपनीकडून एक यंत्र उसने मिळाले, आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयाच्या हालचालीचा पहिला प्रतिध्वनी-आलेख नोंदवला.

हे आजच्यासारखे चित्र नव्हते. ध्वनीची एकच शलाका छातीत जाई आणि वाटेतल्या पृष्ठभागांची हालचाल नागमोडी रेषांच्या रूपाने कागदावर उमटे. कोणती रेषा हृदयाच्या कोणत्या भागाची, हे यंत्र सांगत नसे. एका ठळक रेषेला एडलर सुरुवातीस डाव्या कर्णिकेची मागची भिंत समजत होते. (जुन्या पाठ्यपुस्तकांतील कर्णिका आणि जवनिका म्हणजे नव्या पुस्तकांतील अलिंद आणि निलय.) शंका फेडण्यासाठी त्यांनी मरणासन्न रुग्णांच्या छातीवर शलाकेची जागा आणि दिशा यांची खूण करून ठेवली आणि शवविच्छेदनाच्या वेळी त्याच जागी, त्याच दिशेने बर्फ फोडायचा टोचा आत घालून पाहिला. टोचा द्विदल झडपेच्या पुढच्या पाळीतून जात होता! म्हणजे ती रेषा भिंतीची नव्हतीच, झडपेची होती. जी झडप पाहायची होती तीच इतके दिवस समोर होती, पण ओळखू आली नव्हती. यंत्राने दिलेली खूण आणि तिचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा इकोच्या इतिहासात असा पहिल्याच पानावर आहे.

तार हृदयात शिरते

१९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन नावाच्या ४३ वर्षांच्या माणसाला हृदयाच्या स्नायूच्या आजारामुळे दिवसातून अनेकदा बेशुद्धीचे झटके येत होते. वरच्या कर्णिकांचा विद्युत-संदेश खालच्या जवनिकांपर्यंत पोचत नव्हता. त्यांच्या पत्नीने शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट यांचा पिच्छा पुरवला. एल्मक्विस्ट यांनी दोन ट्रान्झिस्टरचे मंडल आणि बाहेरून भारित करता येणारी बॅटरी इपॉक्सी राळेत ओतून बसवली. साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली होती. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ते उपकरण लार्सन यांच्या शरीरात बसवले गेले. काही तासांतच ते बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. पुढे दुरुस्त्या आणि बदल होत होत लार्सन यांच्या शरीरात वीसहून अधिक पेसमेकर येऊन गेले. ते २००१ साली, ८६ व्या वर्षी, कर्करोगाने वारले. तोवर सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही जग सोडून गेले होते.

लार्सन यांच्या तारा छाती उघडून हृदयाच्या बाहेरच्या अंगाला शिवल्या होत्या. अशक्त रुग्णाला एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसणे अवघड होते. त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये सीमूर फरमन यांनी शिरेतून तार सरकवत उजव्या जवनिकेत पोचवली आणि बाहेर ठेवलेल्या यंत्राने हृदय चालवून दाखवले. त्यांचा एक रुग्ण अशा तारेवर ९६ दिवस राहिला. १९६२ च्या सुमारास पेटी कातडीखाली आणि तार शिरेतून अशी आजची रचना रूढ होऊ लागली.

छाती उघडण्याची गरज संपली, ही फार मोठी सोय झाली. पण त्याबरोबर एक परकी वस्तू रक्ताच्या प्रवाहात, त्रिदल झडपेच्या मधून, कायमची मुक्कामाला आली. उजव्या जवनिकेची भिंत जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची असते. तारेचे टोक तिला टेकलेले असते. टोक भिंतीतून आरपार गेले तर? झडपेची पाळी तारेने अडकवून ठेवली तर? तारेवर जंतूंनी घर केले तर? पेसमेकरच्या गुंतागुंती म्हणतात त्या प्रामुख्याने या.

क्ष-किरणांची मर्यादा

आपल्याला वाटेल, क्ष-किरणांचे छायाचित्र काढले की झाले. धातूची तार त्यात स्पष्ट दिसते आणि तुटली असल्यास तेही कळते. परंतु क्ष-किरणांच्या दृष्टीने रक्त, स्नायू आणि पाणी जवळपास सारखेच. ती सगळी मिळून एकच पांढरट सावली पडते. तार दिसते, पण ती स्नायूच्या आत आहे की बाहेर, हे सावलीवरून सांगणे कठीण. झडपेच्या पातळ पाळ्या तर दिसतच नाहीत.

ध्वनीचे नेमके उलटे. पदार्थाची घनता गुणिले त्यातील ध्वनीचा वेग या गुणाकाराला ध्वनिसंरोध म्हणतात. शेजारच्या दोन पदार्थांच्या संरोधांत फरक असला की त्यांच्या सीमेवरून ध्वनी परावर्तित होतो. संरोधांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून वर्ग केला, की किती ऊर्जा परत येईल ते मिळते. रक्त आणि स्नायू यांच्या सीमेवर हे उत्तर दहा हजारांत एखाद-दुसरा भाग एवढेच येते. पण तेवढा क्षीण प्रतिध्वनीही यंत्राला पुरतो. म्हणून इकोला भिंत, रक्त, झडप आणि पाणी वेगवेगळे दिसतात.

हृदयाभोवतीचे पाणी

हृदय एका पिशवीत असते. तिला हृदयावरण म्हणतात. तारेने भिंतीला छिद्र पाडले तर रक्त या पिशवीत साचू लागते. पिशवी झटकन ताणली जात नाही. त्यामुळे दीड-दोनशे मिलिलिटर रक्त वेगाने साचले तरी हृदयाला पसरायला जागा उरत नाही, ते भरत नाही, आणि रक्तदाब कोसळतो. हेच द्रव हळूहळू साचले तर लिटरभरही सोसले जाते. प्रश्न केवळ आकारमानाचा नसून वेळेचा आहे, आणि म्हणून निदानही मिनिटांत व्हावे लागते.

हे द्रव ध्वनीने ओळखता येते, हे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे हार्वी फायगेनबाउम आणि त्यांचे सहकारी यांनी १९६५ साली ठळकपणे मांडले. एरवी हृदयाची मागची भिंत आणि हृदयावरण यांचे प्रतिध्वनी एकमेकांना चिकटून येतात. मध्ये द्रव साचले की ते दोन होतात. एक हृदयाबरोबर हलणारा, दुसरा जवळजवळ स्थिर, आणि मध्ये कोरी पट्टी. द्रव एकजिनसी असल्यामुळे त्यातून प्रतिध्वनी येत नाही. ती कोरी पट्टी हाच पुरावा! त्यापूर्वी या निदानासाठी नळी घालणे, रंजकद्रव्य टोचणे किंवा अंदाजाने सुई घालणे हे उपाय होते. या शोधामुळे हृदयरोगतज्ज्ञांचे लक्ष इकोकडे मोठ्या प्रमाणावर वळले.

दरम्यान एका शलाकेऐवजी अनेक शलाका पंख्यासारख्या फिरवून हृदयाचा छेद प्रत्यक्ष हलताना दाखवणारी यंत्रे नेदरलँड्समध्ये आणि अन्यत्र १९६८ नंतर तयार झाली. १९८१ साली न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे काम करणारे गोंडी आणि नवीन नंदा यांनी अशा द्विमितीय चित्रांत पेसमेकरच्या तारेने पाडलेले छिद्र कसे ओळखावे, यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पेसमेकर आणि इको यांची खरी गाठ पडली ती या काळात. केवळ भोवतीचे द्रव न पाहता तारेचा माग काढत तिचे टोक भिंतीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहायचे, असा हा दृष्टिकोन होता. त्याला कारणही आहे. कधीकधी स्नायू छिद्राभोवती आवळून बसतो आणि रक्त झिरपतच नाही. म्हणजे द्रव नाही, म्हणून छिद्र नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

रक्त साचलेच तर इको पुढच्या कामालाही येतो. चित्रात पाहून सुरक्षित मार्ग ठरवायचा आणि सुईने द्रव काढायचे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७९ ते २००० या काळात अशा १,१२७ प्रक्रिया केल्याचे नोंदवले आहे. निदान आणि उपचार एकाच यंत्राजवळ आले.

धातूची लबाडी

आता या साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ. ध्वनीला मऊ ऊती छान दिसतात, पण धातू त्याला फसवतो. पोलादासारखा धातू आणि ऊती यांच्या सीमेसाठी मघाचे सूत्र वापरले, तर सुमारे ८७ टक्के ऊर्जा परत फिरते. रक्त-स्नायूच्या तुलनेत हा हजारो पट मोठा प्रतिध्वनी. परिणामी दोन मिलिमीटरची तार पडद्यावर जाडजूड दिसते. तिच्या मागे ध्वनी पोचत नाही म्हणून छाया पडते. शिवाय ध्वनी तारेत आणि संवेदकापर्यंत पुन्हापुन्हा मागेपुढे होत राहतो. यंत्राचा मात्र एकच समज, की उशिरा आलेला प्रतिध्वनी म्हणजे दूरची वस्तू. म्हणून ते तारेमागे नसलेल्या तारा काढून दाखवते. समोरासमोरच्या आरशांत दिव्यांची रांग दिसते, तसेच हे.

दुसरी अडचण भूमितीची. चित्र हा एक पातळ छेद असतो आणि तार तर तीनही मितींत वळलेली. छेदातून ती जिथे बाहेर पडते, तिथे ती संपली असे वाटते. मधल्याच एखाद्या भागाला टोक समजून ‘तार जागेवर आहे’ असा निर्वाळा दिला जाऊ शकतो. एडलर यांनी झडपेला भिंत मानले, त्याच जातीची ही फसगत.

अन्ननलिकेच्या खिडकीतून

छातीवरून पाहताना फासळ्या आणि फुप्फुसातील हवा आड येतात. अन्ननलिका मात्र हृदयाच्या अगदी पाठीमागून, डाव्या कर्णिकेला लागून जाते. तिथूनच पाहिले तर? शिकागोत लिऑन फ्रेझिन यांनी १९७६ साली संवेदक अन्ननलिकेत उतरवून आलेख मिळवले आणि १९८० च्या दशकात हॅम्बुर्ग येथील गटाने द्विमितीय चित्रे मिळवली. अंतर कमी असल्यामुळे येथे वारंवारता वाढवता येते. ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरला, तर २५ लाख हर्ट्झला तरंगलांबी ०.६ मिलिमीटर येते, तर ७० लाख हर्ट्झला ०.२२ मिलिमीटर. तरंगलांबी जितकी लहान तितका तपशील बारीक.

याचा मोठा उपयोग जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी झाला. तारेवर जंतू, रक्तातील तंतू आणि पेशी यांचे गोळे धरतात आणि प्रवाहात डोलतात. फ्रान्समधील लील येथील डॉक्टरांनी १९९७ साली अशा ५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छातीवरून केलेल्या तपासणीत तिघांपैकी एकाच्याही तारेवर गोळे दिसले नव्हते. अन्ननलिकेतून पाहिल्यावर मात्र दहापैकी नऊंहून अधिक जणांत दोष दिसला.

परंतु येथेही सावधगिरी हवी. जंतू नसलेल्या, निरोगी माणसाच्या तारेवरही तंतूंचे धागे आणि लहान गुठळ्या असू शकतात, आणि चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. संसर्ग असेल तर पेटी आणि तारा सगळे काढावे लागते. वर्षानुवर्षे भिंतीला चिकटलेली तार ओढून काढणे जिवावरचे काम असते. म्हणजे संसर्ग नजरेतून सुटला तर रुग्णाचा घात, आणि नसलेला दिसला तरीही घात! म्हणून ताप, रक्तात वाढवून पाहिलेले जंतू आणि चित्र या तिन्हींचा मेळ घातल्याशिवाय निर्णय घेत नाहीत.

झडपेत अडकलेली तार

त्रिदल झडप जवनिकेच्या आकुंचनाच्या वेळी घट्ट मिटली पाहिजे. तारेने एखादी पाळी दाबून धरली तर झडप गळते, रक्त उलटे फिरते, शिरा फुगतात, यकृत सुजते, पायांवर सूज येते. डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेले तत्त्व वापरून रक्ताचा वेग मोजण्याचे प्रयत्न जपानमध्ये १९५० च्या दशकातच सुरू झाले होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिथल्याच संशोधकांनी प्रवाह रंगांत दाखवणारी पद्धत आणली आणि गळती डोळ्यांना दिसू लागली. विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. पडद्यावरचा तांबडा रंग संवेदकाकडे येणारे रक्त आणि निळा रंग दूर जाणारे रक्त दाखवतो. शुद्ध-अशुद्ध रक्ताशी या रंगांचा संबंध नाही.

गळती दिसली, पण ती तारेमुळे आहे हे कळले का? मेयो क्लिनिकने २००५ साली ४१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पेसमेकर किंवा तत्सम उपकरणाच्या तारेमुळे त्यांची त्रिदल झडप इतकी गळत होती की शस्त्रक्रिया करावी लागली. शल्यचिकित्सकांना प्रत्यक्ष काय दिसले? ७ जणांत तारेने पाळीला भोक पाडले होते, ४ जणांत ती झडपेच्या दोऱ्यांत गुंतली होती, १६ जणांत ती पाळी दाबून धरत होती आणि १४ जणांत पाळीला चिकटून बसली होती. छातीवरून केलेल्या इकोने तारेचा हा दोष आधी ओळखला होता तो फक्त ५ जणांत. हे वाचून इकोवर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. एका छेदात तीनही पाळ्या आणि तार एकत्र सापडणे अवघड, हे त्यामागचे भूमितीचे कारण. म्हणूनच त्रिमितीय चित्रे घेणारी यंत्रे आल्यावर झडप समोरून, तिन्ही पाळ्यांसह पाहता येऊ लागली आणि तार नेमकी कोणत्या पाळीवर टेकली आहे हे सांगणे शक्य झाले.

तार ठीक, तरीही

सगळ्यात सूक्ष्म गुंतागुंत अशी की, तार जागेवर आणि झडप शाबूत असूनही हृदय थकत जाते. नैसर्गिक संदेश खास तंतूंतून दोन्ही जवनिकांना जवळपास एकाच वेळी मिळतो. तारेचा संदेश उजव्या बाजूला सुरू होऊन पेशीपेशींतून हळू पसरतो. त्यामुळे डाव्या जवनिकेचा एक भाग आधी आणि दुसरा उशिरा आकुंचन पावतो. वल्हवणारे एका तालात नसले की नाव रेंगाळते, तसे. १२० मिलिलिटर रक्तापैकी ७० बाहेर गेले तर प्रमाण ५८ टक्के. हा आकडा वर्षांगणिक घसरतो आहे का, हे इकोनेच कळते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने उजव्या जवनिकेला विनाकारण सतत चालवणे घातक ठरते, हे दाखवले. २००० साली अमेरिकेत प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी तार थेट हृदयाच्या नैसर्गिक संदेशवाहक तंतूंजवळ बसवण्याचा मार्ग मांडला होता. आता त्या दिशेने बरेच काम चालू आहे.

२०१६ साली अमेरिकेत तार नसलेल्या पेसमेकरला मान्यता मिळाली. सुमारे २६ मिलिमीटर लांबीची ती नळी अख्खीच जवनिकेत बसते. झडपेतून जाणारी तार गेली, पण भिंतीला छिद्र पडण्याचा धोका पूर्ण गेलेला नाही. म्हणजे इकोचे काम संपलेले नाही.

वर्गात हा विषय घेताना एक गणित जरूर द्यावे. पंधरा सेंटिमीटर खोलवरून प्रतिध्वनी यायला किती वेळ लागेल? जाऊन-येऊन ०.३ मीटर, भागिले १५४०, म्हणजे सुमारे ०.२ मिलिसेकंद. मग सेकंदाला जास्तीत जास्त पाच हजार शलाका. एका चित्राला शंभर शलाका लागल्या तर सेकंदाला पन्नास चित्रे. हालचाल अधिक बारकाईने पाहायची तर चित्राची रुंदी किंवा तपशील कमी करावा लागतो. ही मर्यादा कोणत्याही कंपनीला ओलांडता येत नाही, कारण ती ध्वनीच्या वेगाने घातलेली आहे. गणित सुटल्यावर विद्यार्थ्यांना विचारावे, पडद्यावर जे दिसते ते हृदय आहे की हृदयाकडून आलेल्या उत्तरांचा आपण लावलेला अर्थ? एडलर यांच्या टोच्याची गोष्ट त्यानंतर सांगावी.